माल्कम लाउरी वाचायचा असेल तर आधी ‘अंडर द व्होल्केनो’, चरित्र नंतर

इंग्रज कादंबरीकार लाउरीचं हे पुस्तक मी दोनदा अर्धवट सोडलं होतं, दोन्ही वेळा पहिल्याच प्रकरणात, आणि तिसऱ्यांदा हातात घेतलं तेव्हा जे झालं त्यामुळे गेले सहा महिने मी लाउरीशिवाय दुसरं फार काही वाचलेलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबणार. फक्त पुस्तक घ्यावं की नाही एवढंच हवं असेल तर घ्या, नक्की घ्या. कादंबरीला पाचपैकी पाच, माझ्याकडे आलेल्या पेपरबॅकला तीन, आणि लाउरीच्या बाकीच्या पुस्तकांचं गणित वेगळं आहे, ते खाली येतंच.

आधी पेपरबॅकबद्दल. अक्षर बारीक, समास इतका कमी की मधली ओळ वाचायला पुस्तक दाबून धरावं लागतं आणि मग कणा उलतो. स्पॅनिश संवाद भरपूर आहेत, एका पानाला तळटीप नाही. वरून प्रस्तावना अशी की ती वाचल्यावर वाटतं लाउरी म्हणजे एक दारुडा, ज्याने स्वतःची दारू लिहून काढली, झालं. मी पहिल्या दोन्ही वेळा ती प्रस्तावना आधी वाचली होती आणि मग प्रत्येक ओळीत ‘हे त्याचं खरंच झालं असेल का’ एवढंच शोधत बसलो. तिसऱ्या वेळी प्रस्तावना वगळली. तुम्हीपण वगळा. अडलात तर क्रिस अ‍ॅकर्ली या अभ्यासकाने या कादंबरीवर जवळजवळ ओळीओळीला टिपा केल्यात, त्या बघाव्यात, पण दुसऱ्या वाचनात. पहिल्यांदा मेस्कालच्या (मेक्सिकोतली एक कडक दारू) अंमलात असल्यासारखं थोडं हरवूनच वाचायचं पुस्तक आहे हे.

कादंबरी एका दिवसाची. २ नोव्हेंबर १९३८, मेक्सिकोतला मृतांचा दिवस, म्हणजे आपल्या सर्वपित्रीसारखा गेलेल्यांना बोलवायचा दिवस, फक्त तिथे जत्रा असते, साखरेच्या कवट्या असतात आणि लोक कबरस्तानात जातात. जेफ्री फर्मिन हा इंग्रज कॉन्सल (वाणिज्य दूत), म्हणजे खरं तर माजी कॉन्सल, कारण मेक्सिकोने मार्च १९३८ मध्ये परदेशी कंपन्यांचं तेल ताब्यात घेतल्यावर ब्रिटनचे संबंध तुटलेत आणि या माणसाला कॉन्सल म्हणून काही कामच उरलेलं नाही. सोडून गेलेली बायको इव्होन त्या सकाळी परत येते. सावत्र भाऊ ह्यू घरात आहे. जुना मित्र जाक लारुएल, फ्रेंच सिनेमावाला, गावातच राहतो. पहिलं प्रकरण एक वर्षानंतरचं, उरलेली अकरा त्या एका दिवसातल्या साधारण बारा तासांची. मागे दोन ज्वालामुखी, पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल, आणि गावातून जाणारी एक खोल घळ, जिच्यात सगळा कचरा टाकतात. घळ सारखी येते. रस्त्याला लागून येते, बागेच्या टोकाला येते, शेवटीही येते. गावाचं नाव क्वाउनाहुआक असं जुन्या नाहुआ भाषेतलं दिलंय पण ते मेक्सिकोतलं खरं शहर कुएर्नाव्हाका आहे.

आता चरित्र, कारण ते टाळून लाउरीवर लिहिताच येत नाही. जन्म १९०९, लिव्हरपूलजवळ, वडील कापसाचे श्रीमंत दलाल, मेथडिस्ट, दारूला हात न लावणारे, चार मुलांत हा शेवटचा. १९२७ मध्ये पोरगा हट्टाने ‘पिऱ्हस’ नावाच्या मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चीनच्या दिशेने गेला आणि बंदरावर त्याला सोडायला घरची आलिशान मोटार आली. बाकीच्या खलाशांनी त्याच्याकडे कसं बघितलं असेल ते सांगायला नको. त्यावरच पहिली कादंबरी, ‘अल्ट्रामरीन’, १९३३. डाना हिलियट हा बड्या घरचा मुलगा जहाजावर सगळ्यांची कुचेष्टा सोसतो आणि आपल्याला यांच्यातलं मानावं म्हणून तडफडतो. वाचताना लाज वाटते इतकी ती तडफड खरी आहे, पण भाषेवर अमेरिकन लेखक कॉनराड एकनची छाप आहे आणि ती लाउरीने स्वतःच मान्य केली होती. ठीक पुस्तक, शेवटी वाचा किंवा नाही वाचलंत तरी चालेल.

पण बघा, हाच अनुभव तो पुढे ‘व्होल्केनो’मध्ये परत वापरतो आणि तिथे तो कसला खुलतो! ह्यू एकोणतीस वर्षांचा आहे, गिटार वाजवणारा, तरुणपणी जहाजावर गेलेला आणि त्याची पेपरात बातमी आलेली. लाउरीच्याही खलाशी होण्याची बातमी पेपरात आली होती, त्यानेही त्या वयात गाणी रचून छापली होती. ते सगळं वीस वर्षांनी मागे वळून बघताना लिहिलंय, त्यामुळे त्या पोराच्या बढाईखोरपणावर रागही आहे आणि मायाही आहे. अल्ट्रामरीनमध्ये तो पोरगा स्वतःच लिहीत होता, इथे त्याच्याकडे बघणारा मोठा माणूस लिहितोय. माझ्या मते लाउरीची चांगली पुस्तकं आणि फसलेली पुस्तकं यातला फरक इथेच आहे.

मेक्सिकोत तो १९३६ च्या शेवटी गेला, पहिली बायको जॅन गॅब्रिअल सोबत होती. कुएर्नाव्हाकात राहिले, तिथे त्याचं पिणं हाताबाहेर गेलं, डिसेंबर १९३७ मध्ये जॅन निघून गेली, मग तो ओआहाका शहरात एकटा, तुरुंगवारी, कर्ज, आणि १९३८ मध्ये देशाबाहेर. एवढं वाचलं की कोणीही म्हणेल हीच तर कादंबरी. पण नाही ना. सुरुवात झाली एका लहान कथेपासून. बसमधून जाताना रस्त्याच्या कडेला मरायला टेकलेला एक आदिवासी माणूस दिसतो, त्याला हात लावला तर आपणच कायद्यात अडकू म्हणून कोणी हात लावत नाही, आणि बसमधलाच एक जण त्याचे पैसे मारतो. आता हे आठवं प्रकरण आहे आणि सगळी कादंबरी त्याच्याभोवती गुंडाळत गेली. सुरुवातीच्या मसुद्यांत इव्होन ही कॉन्सलची मुलगी होती! बायको नाहीच. म्हणजे जॅन सोडून गेली हे दुःख त्याने थेट ओतलं नाही, ते पुस्तकात हळूहळू झिरपत आलं, एकामागून एक मसुद्यांत. १९४० च्या सुमाराची आवृत्ती प्रकाशकांनी नाकारली तेव्हा त्याने ती परत पहिल्यापासून लिहायला घेतली. १९४४ च्या डिसेंबरात पूर्ण, फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कला प्रकाशित. मेक्सिकोत पाय ठेवल्यापासून दहा वर्षं.

या दहा वर्षांतली बरीचशी कॅनडात गेली, व्हँकुव्हरजवळ डॉलर्टनला खाडीच्या काठावर, दुसरी बायको मार्जरी बॉनरसोबत एका लाकडी झोपडीत. वीज नाही, नळ नाही, जमीन स्वतःची नाही. समोरच्या काठावर तेलशुद्धीकरणाचा कारखाना आणि त्यावर ‘शेल’ कंपनीचा दिव्यांचा फलक, त्यातलं पहिलं इंग्रजी अक्षर बंद पडलं की उरतो ‘हेल’, नरक. ही गोष्ट त्याने नंतर लिखाणातही घेतली. ७ जून १९४४ ला झोपडी जळाली. ‘व्होल्केनो’चं हस्तलिखित मार्जरीने बाहेर काढलं म्हणून वाचलं, पण ‘इन बॅलस्ट टू द व्हाइट सी’ ही हजारावर पानांची कादंबरी गेली. (तिची आधीची एक प्रत जॅनच्या आईकडे राहिली होती, ती २०१४ मध्ये छापून आली. मी अजून वाचलेली नाही.)

एक जागा मला सोडवत नाही. पाचव्या प्रकरणात कॉन्सल सकाळी बागेत झुडपात लपवलेली टकिलाची बाटली शोधायला जातो आणि तिथे एक सरकारी पाटी बघतो. पाटीचा साधा अर्थ, ही बाग तुमची आहे, आवडते ना, मग तुमच्या मुलांना तिची नासधूस करू देऊ नका. कॉन्सल तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये वाचतो, ही बाग आवडते? ती तुमची का आहे? नासधूस करणाऱ्यांना आम्ही हाकलून देतो. आदम आणि नंदनवन वगैरे समीक्षक सांगतातच. पण मला हे वाचताना डॉलर्टन दिसलं. हाकलून देणे हा शब्द ज्या माणसाने लिहिला तो दुसऱ्याच्या जमिनीवरच्या झोपडीत बसला होता, ज्या जागेला तो स्वर्ग म्हणत होता तिथून कधीही उठवतील अशी धास्ती पुढे त्याच्या मानगुटीवरच बसली, ‘ऑक्टोबर फेरी टू गॅब्रिओला’ तर सगळी त्याच धास्तीची कादंबरी आहे. म्हणजे मेक्सिकोच्या बागेत कॅनडाची भीती. जीवनातून साहित्यात गोष्टी अशा वाकड्या वाटेने येतात, आणि प्रस्तावनावाले सरळ रेघ ओढून मोकळे होतात.

दारूबद्दल एक सांगतो. माझा मामा प्यायचा. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. घरात आम्ही त्याच्याबद्दल दोनच तऱ्हेने बोलायचो, एक तर चिडून, नाहीतर कीव करून. कॉन्सलची ती बागेतली शोधाशोध, शेजाऱ्याशी अगदी टापटीप इंग्रजीत गप्पा मारायचा प्रयत्न आणि शेजारी नाक मुरडतोय, आपण पीतच नाही आहोत असा स्वतःशी चाललेला हिशेब, आतून प्रत्येक पावलाला चाललेली ती अक्कलहुशारी, हे वाचताना मला पहिल्यांदा मामाच्या डोक्यात काय चालत असेल ते दिसलं. इव्होन समोर बसलीये, परत आलीये, एक शब्द बोलला तर सगळं मार्गी लागेल, आणि तो शब्द त्याच्या मनात आहेसुद्धा, तोंडातून मात्र दुसरंच काहीतरी पांडित्य निघतं. मी ते प्रकरण संपवून पुस्तक मिटून बसून राहिलो. दारू वाईट असते हे कोणीही लिहील. हुशार, प्रेमळ, विनोदी माणूस स्वतःच्या सुटकेकडे पाठ कशी फिरवतो हे आतून लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही.

२ जानेवारी १९४६ ला लाउरीने लंडनचे प्रकाशक जोनाथन केप यांना एक प्रचंड लांब पत्र लिहिलं. त्यांच्यासाठी हस्तलिखितं वाचून मत देणाऱ्या वाचकाने सुरुवात संथ आहे, कापा असं सुचवलं होतं (मीही दोनदा तिथेच अडकलो होतो, त्यामुळे त्या वाचकाचं मला समजतं). लाउरीने प्रकरणागणिक बाजू मांडली, बारा प्रकरणं का, चाकासारखी रचना का, आणि चारही मुख्य पात्रं एका अर्थाने एकाच माणसाची अंगं आहेत हेही. कॉन्सल म्हणजे लाउरी असं म्हणणाऱ्यांना हे पत्र दाखवायला हवं. हे त्याने लिहिलं कुठून, तर परत मेक्सिकोला जाऊन कुएर्नाव्हाकातूनच, आणि तो राहत होता त्याच घरात जे त्याने कादंबरीत लारुएलला दिलं होतं. स्वतः लिहिलेल्या घरात भाडेकरू म्हणून!

त्या दुसऱ्या मेक्सिको प्रवासाचं पुढे वाईट झालं. लाउरी ओआहाकातल्या आपल्या जुन्या मित्राला शोधायला गेला तर कळलं तो कधीच गोळी लागून मेलाय. मग अधिकाऱ्यांशी वाद, जुन्या दंडाचं प्रकरण, हद्दपारी. यावर ‘डार्क अ‍ॅज द ग्रेव्ह व्हेअरइन माय फ्रेंड इज लेड’, त्याच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये टाचणांमधून जुळवून छापलेली. नायक एक लेखक, ज्याने मेक्सिकोवर कादंबरी लिहिलीये. मला फार अपेक्षा होत्या. मित्राच्या मृत्यूची बातमी येते तो भाग सोडला तर पुस्तक डायरीच राहतं, हॉटेल, बस, भीती, पुन्हा हॉटेल. आयुष्य तेवढंच भयंकर आहे पण ते अजून मुरलेलं नाही, आणि मुरवायला त्याला दहा वर्षं मिळाली नाहीत. ‘व्होल्केनो’ वाचून भारावलेल्यांनी लगेच हे घेऊ नये, हिरमोड होईल. ‘ऑक्टोबर फेरी’चंही जवळपास तेच, काही पानं सोन्यासारखी आणि मधे मैलोन्‌मैल दलदल.

‘लूनर कॉस्टिक’ मात्र घ्या. छोटी आहे, एका बैठकीत होते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या मनोरुग्ण विभागात लाउरी स्वतः काही दिवस होता, त्यातून आलेली. दारूने कोसळलेला इंग्रज पियानोवाला, गोष्टी सांगणारा एक पोरगा, एक म्हातारा, आणि खिडकीतून दिसणारी नदीतली मोडकी बार्ज. ही नायकापेक्षा आजूबाजूच्यांकडे जास्त बघते म्हणून चांगली आहे.

आणि ‘हिअर अस ओ लॉर्ड’ या १९६१ च्या कथासंग्रहातली शेवटची दीर्घकथा, ‘द फॉरेस्ट पाथ टू द स्प्रिंग’. नवरा रोज संध्याकाळी जंगलातल्या वाटेने झऱ्यावर पाणी आणायला जातो, बायको झोपडीत दिवा लावते, एकदा वाटेत झाडावर पहाडी सिंह भेटतो, बस एवढंच. डॉलर्टन सगळं इथे आहे. जो माणूस जून १९५७ मध्ये ससेक्समधल्या रिप गावात दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला (मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने अपघाती मृत्यू म्हटलं), त्यानेच हे इतकं शांत लिहिलंय हे कळून मला फार बरं वाटलं.

सिनेमा आहे, १९८४ चा, जॉन ह्यूस्टनचा, अल्बर्ट फिनी कॉन्सल झालाय आणि उत्तम झालाय, पण सिनेमात कॉन्सल बाहेरून दिसतो. पुस्तकाच्या ऐवजी नको, नंतर बघा.

पहिल्या प्रकरणाचं राहिलं. संथ आहे, खरंच आहे, एक वर्षानंतर लारुएल गावातून भटकतो आणि आपल्याला नावंही माहीत नसलेल्या माणसांबद्दल हळहळतो. कॉन्सलकडून उसन्या आणलेल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकात त्याला कॉन्सलने इव्होनला लिहिलेलं, कधीच न पाठवलेलं पत्र सापडतं, परत ये म्हणून विनवणारं. तो ते वाचतो आणि मेणबत्तीवर धरून जाळून टाकतो. दोन्ही वेळा मी ते पत्र अर्धवट चाळून पुढे गेलो होतो, हा कोण बाई कोण म्हणून. बारावं प्रकरण संपल्यावर रात्रीच परत पहिल्यावर आलो आणि ते पत्र ओळ न ओळ वाचलं.