नॅच डेबिटची ३०६ अक्षरांची फाईल: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका पैशाच्या फरकावरून स्पॉन्सर बँकेने (आपली वसुलीची फाईल नॅचमध्ये चढवणाऱ्या बँकेने) अख्खी फाईल परत केली, म्हणून हे लिहितोय. नॅच (खात्यातून हप्ता आपोआप वळता करायची व्यवस्था) म्हणजे काय, मँडेट (त्यासाठी खातेदाराने दिलेली परवानगी) कसं भरायचं, यूएमआरएन (त्या मँडेटचा क्रमांक) कुठून येतो हे ठाऊक आहे असं धरतो. पतसंस्था, क्लासेस, छोटे फायनान्सवाले यांच्यापैकी जे फाईल स्वतः बनवतात त्यांच्या कामाचं हे आहे. ज्यांची बँक आपला एक्सेल साचा देते आणि पुढची फाईल तीच बनवते, त्यांनी मधलं सोडलं तरी चालेल. खाते क्रमांकाचं मात्र वाचाच.

आधी तो एक पैसा. डेबिट फाईलचं हेडर ५६ ने सुरू होतं आणि प्रत्येक वसुलीची ओळ ६७ ने. रक्कम पैशांत, १३ अंकी, डावीकडे शून्यं भरून. दशांशचिन्ह नाही. २,३५० रुपयांचा हप्ता म्हणजे ०००००००२३५०००. हेडरमध्ये सगळ्या ओळींची बेरीज जाते आणि ती तंतोतंत जुळावी लागते. आता ३,५०० रुपये तिघांत वाटून हप्ता काढलात, तर एक्सेलच्या पोटात १,१६६.६६६६ असतं. ओळीत जातात १,१६६.६७, तिन्ही ओळी मिळून ३,५००.०१. हेडरची बेरीज मूळ सेलवरून घेतली असेल तर ती ३,५००.०० येते. फाईल बाद. पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून सेलमध्येही दोनच आहेत असं नसतं. उपाय फुकटचा आहे: रक्कम शंभराने गुणून राउंड करून वेगळ्या रकान्यात ठेवा, ओळ आणि बेरीज दोन्ही त्याच रकान्यावरून घ्या.

ओळीची लांबी ३०६ अक्षरं, कमी नाही, जास्त नाही. खात्याचा प्रकार १२–१३ व्या जागी (१० बचत, ११ चालू, १३ कॅश क्रेडिट), नाव ३२ ते ७१, रक्कम १२१ ते १३३, खातेदाराच्या बँकेचा आयएफएससी १५७ ते १६७, खाते क्रमांक १६८ ते २०२, यूएमआरएन २८० ते २९९, शेवटच्या ७ जागा रिकाम्या. इथे पहिला सापळा लागतो. एक्सेलमधून 'फॉर्मॅटेड टेक्स्ट', म्हणजे पीआरएन, म्हणून सेव्ह केलं की ओळ २४० अक्षरांवर तुटते आणि उरलेला तुकडा फाईलच्या तळाशी जाऊन बसतो. यूएमआरएन नेमका त्या तुकड्यात असतो. वर सगळं ठीक दिसतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही. त्यापेक्षा सगळे तुकडे एकाच सेलमध्ये जोडा, तो रकाना कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि ओळीच्या शेवटी कर्सर नेऊन खालच्या पट्टीत कॉलम ३०७ दिसतो का पाहा. ३०६ दिसलं तर एक अक्षर कुठेतरी कमी आहे.

पहिल्या एक-दोन महिन्यांत माझं मत सरळ होतं: हा साचा ईसीएसच्या (नॅचच्या आधीच्या पद्धतीच्या) जमान्याचा आहे, मोडीत काढा, साधी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी फाईल) घ्या. आता ते बदललंय. सीएसव्हीत नावात एक स्वल्पविराम आला की पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात आणि फाईल तरीही चढते. इथे चूक झाली तर फाईल चढतच नाही. वैताग आहे, पण पैसे चुकीच्या जागी जाण्यापेक्षा फाईल दारातून परत आलेली बरी.

खरा चोर एक्सेल आहे. तो १५ अंकांपर्यंतच आकडा जपतो. पंजाब नॅशनल बँकेचा खाते क्रमांक १६ अंकी असतो. तो आकडा म्हणून सेलमध्ये गेला की सोळावा अंक निमूट शून्य होतो. कॅनराचे १३ अंकी आणि आयसीआयसीआयचे १२ अंकी क्रमांक शून्यापासून सुरू होत असतील तर सुरुवातीची शून्यं गळतात. रकाना नंतर 'टेक्स्ट' केल्याने गेलेला अंक परत येत नाही, आधी करावा लागतो. आणि नीट जपलेली सीएसव्ही कोणी नुसती डबल-क्लिक करून उघडली व सेव्ह केली, की पुन्हा तेच. डेटा मेन्यूतून 'फ्रॉम टेक्स्ट' घेऊन रकान्याचा प्रकार टेक्स्ट द्यायचा. २०२३ पासून नव्या एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये डेटाखाली हे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय आहे. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर ती लावून टाका. डेबिटमध्ये असा क्रमांक बहुधा परत तरी येतो. एनईएफटीच्या फाईलमध्ये मात्र पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नाव न जुळवता. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव पाहायची सोय बँकांनी द्यायची आहे, पण घाऊक फाईलच्या ओळींना आपल्या बँकेत ती लागते का, हे विचारून घ्या.

नावांचं थोडक्यात. फाईल इंग्रजी लिपीतच हवी. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे 'सुनीता' एवढ्या नावाला १८, आणि ओळ फुगते. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या नावात न दिसणारी वेगळी स्पेस येते, ती एक्सेलच्या ट्रिमने जात नाही. शोधून बदलावी लागते. सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय ठेवा. 'युटीएफ-८ विथ बीओएम' निवडलंत तर फाईलच्या तोंडाशी तीन जादा बाइट बसतात आणि हेडर ५६ ने सुरूच होत नाही.

आयएफएससीत पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. मास्टरमध्ये (सभासदांच्या मूळ यादीत) हे एका फॉर्म्युल्याने तपासता येतं. त्याच फेरीत ओआरबीसी, यूटीबीआय, एसवायएनबी यांनी सुरू होणारे कोड शोधा. ओरिएंटल, युनायटेड आणि सिंडिकेट या बँका १ एप्रिल २०२० ला विलीन झाल्या आणि ते कोड २०२१ मध्येच बंद झाले, तरी जुन्या सभासदांच्या अर्जांवरून ते अजून मास्टरमध्ये उतरतात.

परतीच्या फाईलबद्दल (वसुलीचा निकाल सांगणारी, बँकेकडून येणारी) तक्रार नाही. तीच ओळ परत येते, १५४ व्या जागी १ म्हणजे वसूल, ० म्हणजे परत, आणि १५५–१५६ वर कारण. ०१ खातं बंद, ०२ असं खातंच नाही, ०३ वर्णन जुळत नाही, ०४ शिल्लक अपुरी. ०२ दिसला की सभासदाला फोन करण्याआधी आपला खाते क्रमांक मँडेटशी ताडून पाहा. ०४ असेल तर लगेच पुन्हा फाईल लावू नका. प्रत्येक बाउन्सला सभासदाची बँक दंड घेते, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि आपली स्पॉन्सर बँक ओळीमागे आकार लावते तो वेगळाच. पगाराची तारीख विचारून घ्या आणि मगच लावा. दंडव्याज जोडून रक्कम मँडेटच्या कमाल मर्यादेवर गेली तर ती ओळही परतच येणार, म्हणून नवीन मँडेट घेताना मर्यादा हप्त्याएवढीच न ठेवता थोडी वर ठेवा.

ही फाईल बनवून देणारी सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर मिळतात. दोन-तीनशे ओळींसाठी ती वर्गणी भरू नका, वरचे फॉर्म्युले पुरतात. हजारांत ओळी असतील तर घ्या, फक्त विकणाऱ्याला आधी १६ अंकी खाते क्रमांक असलेली एक एक्सेल देऊन त्यातून काय बाहेर पडतं ते बघा.