पिल्सनमधली टाकेरिया: फळ्याची डावी बाजू मागवा

शहरी रेल्वेच्या पिंक लाइनवरच्या १८व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरून रंगवलेल्या भिंती बघत चालत गेलात की शिकागोच्या पिल्सन वस्तीतली ही छोटी टाकेरिया, म्हणजे मेक्सिकन खाणावळ, लागते. मोजकी टेबलं, एक काउंटर, त्यामागे तापलेला तवा. तव्यापुढची बाई चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याचा गोळा प्रेसमध्ये दाबते, पातळ पोळीसारखी टोर्तिया तव्यावर टाकते, कडा सुटल्या की नुसत्या बोटांनी उलटते. वासानेच रांगेतला वेळ निघून जातो.

मी जवळच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. माझे बरेचसे पेशंट मेक्सिकोहून आलेले पुरुष. कोणी छपरं घालतं, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये राबतं. दुपारी ते इथेच भेटतात, आणि मला बघितलं की कोकची बाटली नॅपकिनच्या डब्यामागे सरकते.

मेनूच्या फळ्याचे सरळ दोन भाग आहेत. डावीकडे घरचं जेवण: नोपालेस, म्हणजे निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, भेंडीसारखी जराशी बुळबुळीत, अंड्यात परतलेली. पातळ रश्शाचे बीन्स. कोंबडीचं काल्दो, म्हणजे पातळ सूप. उजवीकडे वितळलेल्या चीजखाली दबलेले बुरितो, म्हणजे टोर्तियात सारण भरून केलेल्या गुंडाळ्या, चिप्सची टोपली, आणि हवा तितका सोडा भरून घ्यायचं मशीन. गर्दी उजवीकडे. बुरितोच्या मोठ्या मैद्याच्या टोर्तियातच तीनेकशे कॅलरी, सारण वेगळं. मक्याची छोटी टोर्तिया पन्नास-साठमध्ये भागते.

गावाकडचं सगळं चांगलं आणि अमेरिकेने माणसं बिघडवली, असं मात्र मी म्हणणार नाही. कोकची सवय बरेच जण तिकडूनच घेऊन येतात. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला तो उगाच नाही. इथे येऊन मोडतं ते वेळापत्रक. तिकडे दुपारचं जेवण मोठं आणि रात्रीचं हलकं. इथे दुपारी जेमतेम अर्धा तास, मग दिवसभराची भूक रात्री एकदम निघते.

शिवाय पैसा. २००५–०८ च्या सरकारी पाहणीत गरीब मेक्सिकन-अमेरिकन पुरुषांमध्ये लठ्ठपणा ३० टक्क्यांच्या आसपास होता, चांगल्या कमाईवाल्यांमध्ये ४१ च्या. अमेरिकेतल्या बायकांचं एकूण चित्र नेमकं उलटं. माझ्या पेशंटांत दिसतं ते असं: छपरावरून उतरून मुकादम झाला की माणूस दिवसभर ट्रकमध्ये बसतो, ताट मात्र मजुराचंच राहतं. त्यात ‘पोट सुटलंय म्हणजे चांगलं चाललंय’ असं म्हणणारी आई फोनवर असतेच. (आमच्या नाशिकची आईही वेगळं काय बोलते!)

म्हणून ही जागा मला आवडते. इथे कुणाला सॅलडचे धडे द्यावे लागत नाहीत, ‘डावीकडचं घे’ एवढं पुरतं. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, म्हणजे आग्वा दे हमायका, सांगितलं तर कमी साखरेचं करून देतात.

पाचातले चार स्टार. एक कापला तो दारातच ठेवलेल्या सोडा मशीनसाठी. वाढायलाही वेळ लावतात, घाईत जाऊ नका. शनिवारी कार्नितास, म्हणजे चरबीत मंद शिजवलेलं डुकराचं मांस, पौंडाच्या वजनावर मिळतं आणि दुपारपर्यंत संपतं. चौघांत एक पौंड घ्या, सोबत नोपालेस मागवा. कार्ड चालत नाही, रोख ठेवा.