सगळ्या स्लॉटमध्ये 25 डिग्री

पॉवर बँकेच्या पोटातून लोखंडाची पट्टी निघाली. 2 मिलिमीटर जाड, 50 बाय 50, वजन 39 ग्रॅम. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्की बसवलेली आणि वरून काळा फोम, म्हणजे हलवून पाहिलं तरी आवाज येऊ नये. एवढी काळजी सेलची घेतली असती तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

भाड्याने द्यायच्या पॉवर बँकांचा लॉट घेतला होता मी. कॅबिनेट म्हणजे कोड स्कॅन केला की पॉवर बँक बाहेर देणारं कपाट. 24 स्लॉटची 12 कॅबिनेट, म्हणजे 288 नग आणि वर 12 जादा. एकूण 300. प्रत्येकावर छापलेलं: 5,000 एमएएच, 18.5 वॉट-अवर, फास्ट चार्जिंग 20 वॉट. रकमेच्या 70 टक्के आगाऊ दिले, उरलेले 30 माल उतरल्या दिवशीच. आता जो तो मला शहाणपण शिकवतो की थोडे अडकवून ठेवायचे होतेत. सॅम्पल स्वतः उघडून, मोजून, चालवून पाहिल्यावर कोण कशाला अडकवून ठेवेल?

हो, उघडून. 'न बघता घेतलं असेल' म्हणणाऱ्यांसाठी सांगते, सॅम्पलमध्ये काय होतं ते. 906080 छापलेला पाऊच सेल, म्हणजे चपट्या पिशवीतला. हा आकडा म्हणजे सेलचं मापच असतं: जाडी 9.0 मिलिमीटर, रुंदी 60, लांबी 80. मोजपट्टी लावली, बरोबर तेवढाच भरला. सेलच्या तोंडाशी वेगळा प्रोटेक्शन बोर्ड, त्यावर मॉसफेटच्या, म्हणजे धोका दिसला की करंट तोडणाऱ्या स्विचांच्या, एक नाही, दोन जोड्या. सेलच्या पोटावर पिवळ्या टेपखाली चिकटवलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा रेझिस्टर, त्याच्या दोन बारीक तारा मुख्य बोर्डावर गेलेल्या. व्होल्टेज चढवायला लागणारं तारेचं वेटोळं, म्हणजे इंडक्टर, ऐसपैस. यूएसबी मीटर लावून 5 व्होल्टवर पूर्ण रिकामी केली तेव्हा 3,210 एमएएच मिळाले. छापलेले 5,000 हे सेलच्या 3.7 व्होल्टचे असतात. 5 व्होल्टवर चढवले की कागदावरच 3,700 उरतात आणि त्यातले दहा-पंधरा टक्के व्होल्टेज चढवताना उष्णतेत जातात. म्हणजे 3,210 हा चोख माल होता. मी पास केला. कोणीही केला असता.

लॉटमधल्या नगाने त्याच मीटरवर 1,410 दिले.

हिशोब करा. 1,410 म्हणजे आत साधारण 2,200 एमएएचचा सेल. नगामागे 2,800 गायब, शेकडा 56. गुणिले 300 म्हणजे 8 लाख 40 हजार एमएएच. सेलवर मात्र 906080 आणि 5,000 एमएएच असं ठळक छापलेलं. प्रत्यक्षात मोजपट्टी लावली तर 6 मिलिमीटर जाड, 50 रुंद, 60 लांब. उरलेल्या जागेत लोखंड. का, तर माल घेणारा वजन करतो हे विकणाऱ्यांना ठाऊक आहे. मीही केलं होतं. सॅम्पल 148 ग्रॅम, लॉटमधले 147-148. समाधान वाटलं होतं मला! वजनावर पॉवर बँक घेऊ नका. बोटावर आडवी तोलून पाहा. माझ्या लॉटमधली प्रत्येक एका टोकाला कलते.

पण सगळ्यात जास्त जळतं ते वेगळ्याच गोष्टीने. माल उतरला त्या दिवशी विक्रेत्याच्या माणसाने एक कॅबिनेट भरून, जोडून दाखवलं. स्क्रीनवर प्रत्येक स्लॉटची एक ओळ येते: पॉवर बँकेचा आयडी, टक्के, व्होल्टेज, तापमान. हे तापमान पॉवर बँक स्वतः मोजते आणि कडेच्या सोनेरी पिनांमधून कॅबिनेटला कळवते. मी वरून खालपर्यंत वाचलं. 25, 25, 25, 25. चोवीसच्या चोवीस. त्यातली एक तर मी नुकतीच 20 वॉट ओढणाऱ्या लोडवरून काढली होती. हाताला चांगली गरम लागत होती. ती स्लॉटमध्ये सरकवली, टक् करून कुलूप बसलं, आणि स्क्रीनवर आलं 25. तो माणूस म्हणाला, "बघितलंत मॅडम? तापतच नाही. डिझाइनच तसं आहे." मी मान डोलावली. उरलेले 30 टक्के त्यानंतर तासाभरात गेले.

हात गरम म्हणत होता आणि स्क्रीन 25 म्हणत होती. त्या घटकेला एक नग उघडला असता तर! पण माझ्यासमोर आकडा होता, आणि यंत्राने दाखवलेल्या आकड्यापुढे तळहाताचं कोण ऐकतं? चोवीस सेल एकाच वेळी अगदी एकाच तापमानाला असूच शकत नाहीत, हे आता कोणीही सांगेल. वरचे स्लॉट खालच्यांपेक्षा जास्त तापतात, कारण गरम हवा वर जाते. आता सांगणारे पुष्कळ आहेत.

25 च का, ते बोर्ड पाहिल्यावर कळलं. थर्मिस्टर नाहीच. त्याच्या जागी सोल्डरच्या दोन टाक्यांमध्ये 103 लिहिलेला साधा रेझिस्टर. 103 म्हणजे 10 हजार ओहम. पॉवर बँकेतला नेहमीचा थर्मिस्टर 25 डिग्रीला बरोबर 10 हजार ओहम असतो. तापला की उतरतो, 50 डिग्रीला चार हजारांच्या आसपास येतो. साधा रेझिस्टर हलत नाही. म्हणजे सेल पेटायला आला तरी चिपला वाटणार की हवा छान आहे, आणि ती चार्जिंग चालूच ठेवणार. लिथियम सेल 0 ते 45 डिग्रीच्या बाहेर चार्ज करू नये हा साधा नियम. तो पाळायचा अवयवच काढून टाकला आणि यंत्राला खोटं बोलायला लावलं. याला मी काटकसर म्हणणार नाही.

आता या छोट्या सेलवर भार किती येतो ते बघा. 20 वॉट बाहेर द्यायचे तर, चढवतानाची गळती धरून, सेलमधून 6 अँपिअर ओढावे लागतात. सेल रिकामा होत आला की जवळपास 7. 5,000 च्या सेलला ते झेपतं. 2,200 च्या सेलला म्हणजे क्षमतेच्या पावणेतीन पट. शिवाय प्रोटेक्शनला मॉसफेटची एकच जोडी. चार्जिंगचं तेच: स्लॉट 5,000 च्या हिशोबाने करंट देतो आणि हा सेल तो मुकाट गिळतो. परिणाम व्हायचा तो झाला. आत वायू धरला, पाऊच फुगले, कवच मधून वर आलं. अडीच-तीन मिलिमीटर पुरतात. नग स्लॉटमध्ये अडकला. गिऱ्हाईक कोड स्कॅन करतो, पैसे कापले जातात, कुलपाची खीळ टक् वाजते आणि पॉवर बँक बाहेरच येत नाही. शिव्या मला.

'फास्ट चार्जिंग' तर नावालाच. मीटरवर लोडशिवाय ऐटीत 9 व्होल्ट. लोड 1 अँपिअरच्या पुढे नेला की धाडकन 5, म्हणजे साधं चार्जिंग. फोनवर विजेचं चिन्ह चमकलं म्हणजे फास्ट, असं समजू नका. लोड लावून बघा. चिपवरचं नाव घासून काढलेलं होतं. ते दिसलं की पुढे बोलायचीच गरज नाही. टक्केवारीही अशीच, नुसत्या व्होल्टेजवरून अंदाजाने काढलेली: 60 वरून थेट 8. आणि तासाभरात पूर्ण चार्ज होते म्हणून जे कौतुक ऐकवलं होतं ते खरंच होतं; एवढुसा सेल भरायला वेळ कितीसा लागणार?

प्रमाणपत्रं होती ना. सेलच्या सुरक्षेचं आयईसी 62133-2 होतं, वाहतुकीचं यूएन 38.3 होतं. दोन्ही खरी. फक्त ती 906080 सेलची, आणि तो सेल एकट्या सॅम्पलमध्ये होता. चीनमध्ये 1 ऑगस्ट 2024 पासून 3सी, म्हणजे तिथल्या सक्तीच्या प्रमाणपत्राच्या, खुणेशिवाय पॉवर बँक विकायला बंदी आली आणि 28 जून 2025 पासून खूण नसलेली पॉवर बँक तिथल्या देशांतर्गत विमानात नेता येत नाही. तिथे खपत नसलेला माल कुठेतरी उतरवणारच, असा माझा संशय आहे. माझ्या नगांवर ती खूण नव्हती. विचारलं तर म्हणे, "एक्स्पोर्टला लागत नाही."

आता तक्रारीची कथा. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा देण्याघेण्याचा मामला आहे, दिवाणीत जा. मी म्हटलं, यात लोखंड भरलंय. साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कशी?" ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की मी ग्राहकच नाही, कारण धंद्यासाठी घेतलं. तिथून मापतोलवाल्यांकडे पाठवलं. त्यांनी पॉवर बँक तराजूत ठेवली. वजन बरोबर! एमएएच मोजणं त्यांच्या कामात बसत नाही. बँकेचं उत्तर ठरलेलं: पैसे तुम्हीच पाठवलेत, तुमच्याच मंजुरीने.

मग चाचणी प्रयोगशाळा. उघडलेला नग ते घेत नाहीत, पुराव्याशी छेडछाड झाली म्हणे. न उघडलेला नेला तर आधी दोष लेखी दाखवा, मग चाचणी. न उघडता दोष कसा दाखवू? त्यावर फॉर्म दिला. फॉर्मवर विक्रेत्याची सही हवी! तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याची सही. मी दोनदा वाचून घेतलं. शेवटी एका कार्यालयात फुगलेला नग टेबलावर ठेवला, तर साहेब खुर्चीसकट मागे सरकले. शिपायाला बोलावून तो बाहेर मोकळ्या जागेत ठेवायला लावला, जवळ कोणी जाऊ नका म्हणाले. आणि मला दिलेल्या कागदावर काय लिहिलं? 'सकृतदर्शनी धोका आढळून येत नाही.' तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बाहेर आले तेव्हा तो नग अंगणात तसाच पडला होता. घेऊन जा म्हणून शिपाई मागे लागला.

विक्रेत्याचा फोन सुरुवातीला लागायचा. "चुकून दुसरी बॅच आली असेल, बदलून देतो." या वाक्यावर थांबून राहू नका. तेवढ्या वेळात नावाची पाटी बदलते. फोनवर बोलूच नका, लिहून घ्या. पैसे देण्याआधी सॅम्पलचा सेल, बोर्डाच्या दोन्ही बाजू आणि थर्मिस्टर यांचे फोटो करारालाच जोडा, दोघांच्या सह्यांनी. आणि माल उतरला की खोक्याच्या तळातून, तुम्ही निवडलेला नग त्यांच्या माणसासमोर उघडा. तो 'वॉरंटी जाईल' म्हणाला तर नक्की उघडा. थर्मिस्टर दिसला तरी मल्टिमीटर लावून केस वाळवायच्या यंत्राने जरा ऊब द्या. ओहमचा आकडा उतरला नाही तर माल परत. मात्र सेलला टोकदार काही लागू देऊ नका. फुगलेला असेल तर उघडूच नका, दाबून बसवू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

माझे फुगलेले नग कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर आहेत. भंगारवाला घेत नाही, आणि कचऱ्यात टाकायला मी त्या विक्रेत्यासारखी नाही.

हाच माल अजून विकला जातोय, नुसतं कवच बदलून. ओळखायचा कसा ते सांगते. बोर्ड हिरवा, मधल्या मोठ्या चिपवर घासल्याच्या तिरक्या रेषा. थर्मिस्टरच्या तारांसाठी दोन भोकं आहेत, पण त्यांत कधी सोल्डर गेलेलंच नाही. शेजारी 103 चा काळा रेझिस्टर. सेलवरचा 906080 हा छापा स्पिरिटने पुसला की जातो. आणि कॅबिनेट जोडून दाखवणाऱ्या माणसाला तापमानाचा रकाना उघडायला सांगितलं की तो आता म्हणतो, "नव्या व्हर्जनमध्ये तो काढलाय."