सप्टेंबरचं शेपूट: इंग्रजी महिना तीन अक्षरी लिहावा की टिंब देऊन?

इंग्रजी तक्त्यात किंवा पावतीवर अख्खा महिना मावत नाही, तेव्हा दोन पद्धती समोर येतात. एक, सगळ्यांची पहिली तीन अक्षरं घ्यायची, टिंब नाही. दुसरी जुनी, टिंबवाली, जिच्यात सप्टेंबरला तीनाऐवजी चार अक्षरं मिळतात. नुसत्या आकड्यांची तिसरी वाट मी धरतच नाही. ०५/०९ म्हणजे आपला पाच सप्टेंबर आणि अमेरिकेतल्या भाच्याचा नऊ मे; त्यावरून घरात एकदा फोनाफोनी झाली तेवढी पुरे.

टिंबवाली पद्धत मी बरीच वर्षं वापरली आणि तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. मराठी हाताला ती आपसूक येते. आपणही जाने., फेब्रु., सप्टें., ऑक्टो., डिसें. असं तोडतो आणि मार्च, मे, जून, जुलै पूर्ण ठेवतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचा नियम जवळपास हाच आहे: मार्च ते जुलै या पाच महिन्यांना कात्री लावायची नाही. बाकीचे तोडायचे तेही शेजारी तारीख असेल तरच. म्हणजे ‘सेप्ट. ५’ चालेल, पण नुसतं महिना आणि वर्ष असेल तर सप्टेंबर पूर्ण. वाचायला हे खरंच छान दिसतं.

पण टिंबवाल्यांमध्येही एकमत नाही. साहित्याच्या शोधनिबंधांत चालणारी एमएलए पद्धत मे, जून, जुलै एवढेच पूर्ण ठेवते, मार्च-एप्रिल तोडते. एकट्यानं लिहायचं तर यातलं एक ठरवून पाळता येतं. चार जणांनी मिळून लिहायचं तर?

माझं घोडं तिथेच पेंड खाल्लं. एका पतसंस्थेच्या ठेवींचा इंग्रजी तक्ता माझ्याकडे असे, नोंदी तिघं करत. महिन्याचा रकाना हातानं टाइप केलेला. नियम मी कागदावर लिहून दिला होता. वर्षअखेरीला फिल्टर उघडला तर यादीत सप्टेंबर तीन: तीन अक्षरी, चार अक्षरी आणि चार अक्षरी टिंबासकट. पंचांगात अधिक मास साधारण तीन वर्षांतून एकदा येतो, आमच्याकडे एकाच वर्षात दोन अधिक सप्टेंबर. अर्थातच सप्टेंबरची बेरीज कमी भरत होती, कारण उरलेल्या ठेवी शेजारच्या सप्टेंबरांत जाऊन बसल्या होत्या. त्यात मे महिन्यालाही टिंब. मुळात तीन अक्षरांचा महिना, तोडलंय काय की टिंब द्यावं? विचारलं तर उत्तर आलं, “सर, सगळ्यांना आहे, मग त्यालाच का नको?” यावर मला काही बोलता आलं नाही. दोन संध्याकाळी ती टिंबं वेचण्यात गेल्या.

तेव्हापासून मी तीन अक्षरी पद्धतीकडे झुकलोय. लक्षात ठेवायला काही उरतच नाही, हा तिचा मोठा गुण. रकानाही सरळ दिसतो. ईमेलच्या आतल्या तारखेत १९८२च्या आरएफसी ८२२ या ईमेलच्या नियमावलीपासून हीच तीन अक्षरं आहेत, आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला इंग्रजी तारीख वाचायला दिली तर तिलाही लघुरूपातला सप्टेंबर तीन अक्षरीच लागतो. चौथं अक्षर दिसलं की अडते.

अर्थात तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. २०२०मध्ये संगणकावरच्या लिपींचं प्रमाण ठरवणाऱ्या युनिकोड संस्थेच्या भाषाविषयक माहितीसाठ्यात ब्रिटिश इंग्रजीचा सप्टेंबर तीनाचा चार अक्षरी झाला. जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेची १६वी आवृत्ती तो बदल घेऊन आली आणि तीन अक्षरांची वाट पाहणारे प्रोग्रॅम तारखा वाचताना अडखळले. वाचून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. आमच्या तिघांनी केलं तेच तिथे झालं होतं.

दुसरी उणीव हस्ताक्षरातली. जून आणि जुलै तीन अक्षरी लिहिले की फरक शेवटच्या एका अक्षराचा. घाईत लिहिलेल्या चलनावर किंवा शाई संपत आलेल्या प्रिंटरवर ते अक्षर एन की एल, हे भिंगाखाली धरूनही सांगता येत नाही. म्हणून हातानं लिहिताना हे दोन महिने मी आजही पूर्ण लिहितो. नाहीतरी वाचतं एकच अक्षर. एवढी काटकसर कशाला?

शोधनिबंध लिहीत असाल तर निवड तुमच्या हातात नाही. मार्गदर्शक सांगतील ती पद्धत. निमंत्रणात, औपचारिक पत्रात महिना पूर्णच शोभतो. पण एकाच तक्त्यात दोघांपेक्षा जास्त हात पडणार असतील, तर मी तरी तीन अक्षरंच घेईन. आमच्या पतसंस्थेच्या तक्त्यात आता महिना टाइप करावाच लागत नाही, बारा नावांच्या यादीतून निवडायचा. टिंबाच्या बाजूचे आमचे सहकारी परवा यादी खालीवर करून बघत होते. म्हणाले, “सर, मे बिचारा होता तसाच राहिला.”