बिशप–लोवेल पत्रव्यवहार: जाडजूड, पण घ्याच

एलिझाबेथ बिशप आणि रॉबर्ट लोवेल या दोन अमेरिकन कवींची 1947 ते 1977 या तीस वर्षांतली चारशेहून अधिक पत्रं 'वर्ड्स इन एअर' या एकाच खंडात आहेत. पुस्तक एवढं जड की आडवं पडून वाचताच येत नाही. मी टेबलावर उघडं ठेवूनच वाचलं.

सुरुवातीची पत्रं जरा औपचारिक आहेत, ती भराभर उरकली तरी चालेल. बिशप ब्राझीलला राहायला गेली की खरी रंगत येते. शेजारीपाजारी, पाऊस, अडलेली कविता असं सगळं ती लिहिते, आणि लोवेल त्यातली एकेक ओळ मनापासून वाचतो.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं 1972चं पत्र. दुरावलेल्या पत्नीची खाजगी पत्रं लोवेलने बदल करून 'द डॉल्फिन'च्या कवितांत वापरली होती. कलेसाठी एवढी किंमत मोजायची नसते, असं बिशप त्याला स्पष्ट सुनावते. तरी त्याने 1973मध्ये पुस्तक छापलंच. मैत्री मात्र तुटली नाही. मी पूर्णपणे बिशपच्या बाजूने आहे.

कविता लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा खंड विकत घ्यावा. वाचनालयाच्या मुदतीत तो संपत नाही.