अँजिओप्लास्टी चोख, पण नंतरची तपासणी हृदयापुरतीच: लातूरच्या एका रुग्णालयाचा चार वर्षांचा अनुभव

आमच्या आबांना २०२१ च्या आषाढात हृदयविकाराचा झटका आला आणि लातूरच्या एका खाजगी हृदयरोग रुग्णालयात त्यांची अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून उघडण्याची प्रक्रिया झाली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी आम्ही तेथेच तपासणीला जात आहोत. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जी उणीव मला सांगायची आहे, म्हणजे नंतरच्या तपासणीत पक्षाघाताच्या धोक्याकडे होणारे दुर्लक्ष, ती नांदेड आणि परभणीकडच्या आमच्या पाहुण्यांनीही आपापल्या दवाखान्यांबद्दल सांगितलेली आहे.

प्रत्यक्ष उपचाराबद्दल तक्रारीला जागा नाही. अहमदपूर तालुक्यातून रात्री पावणेदोनला निघून आम्ही सव्वातीनला पोहोचलो, दहा मिनिटांत ईसीजी निघाला, कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) सुरू झाली आणि मनगटातून नळी घालून स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला गेला. उजाडता उजाडता आबा चहा मागत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवून दिली होती, तेव्हापासून स्टेंटच्या किमतीकडे आमच्याकडचे लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात. येथे बिलात ती वेगळी दाखवलेली होती आणि स्टेंटचे स्टिकरही फाइलला चिकटवून दिले होते.

माझा खरा आक्षेप त्यानंतरच्या सेवेवर आहे. दर भेटीत ईसीजी, वर्षातून एकदा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि शेवटी डॉक्टरसाहेबांचे वाक्य ठरलेले: "आबा, हार्ट एकदम चांगलं चाललंय." हे वाक्य खरेच होते, परंतु आबांनी त्याचा अर्थ आपण बरे झालो असा घेतला आणि पुतण्याच्या लग्नाच्या धावपळीत सुटलेली बीपीची गोळी पुन्हा सुरूच केली नाही. फाइलमधील लागोपाठच्या दोन भेटींच्या कागदांवर नर्सताईंच्या हातची निळ्या पेनाने केलेली नोंद आहे, १५८/९४ आणि १५६/९२. त्याखालची औषधांची यादी मात्र दोन्ही वेळा जशीच्या तशी आहे. गोळी चालू आहे का, एवढे जरी कोणी विचारले असते तरी गोष्ट तेथेच उघडकीला आली असती. आम्हीही घरी विचारले नाही, ही चूक मी नाकारत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आबा जेवायला बसले होते. भाकरीचा तुकडा मोडताना तो उजव्या हातातून निसटला, शेजारचा तांब्या उचलायला गेले तर बोटे आवळेनात, आणि "काय झालं?" या आईच्या प्रश्नाचे उत्तर जड जिभेने आले. पंधरा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत झाले. "अंगावरून वारं जाता जाता राहिलं," असे आई म्हणाली, आणि ते अक्षरशः खरे होते. आम्ही तातडीने रुग्णालयाच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर फोन केला. छातीत दुखते का, घाम येतो का, असे दोनच प्रश्न विचारून पलीकडच्या व्यक्तीने "मग उद्या ओपीडीत घेऊन या" असे सांगितले. या एका उत्तराबद्दल मी या सेवेला सर्वांत कमी गुण देतो. अशा क्षणिक लक्षणांनंतर पूर्ण पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, आणि तो आलाच तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. ज्यांच्या गावापासून लातूर दीड तासावर आहे, त्यांनी "उद्या"ची वाट पाहायची तरी कशी?

सुदैवाने आम्ही त्याच रात्री लातूरमधीलच एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आबांचे मनगट धरून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ती अनियमित होती. हृदयाचे ठोके सलग चोवीस तास नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा विकार, अधूनमधून येत असल्याचे दिसले. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रुग्णालयातला ईसीजी काही सेकंदांचा असतो, त्यामुळे त्यात हे सुटले याचा दोष मी कोणाला देत नाही. मानेच्या रक्तवाहिन्यांच्या डॉप्लर सोनोग्राफीमध्येही चरबीचा थर आढळला.

अँजिओप्लास्टीमुळेच हे झाले का, हा आमचा पहिला प्रश्न होता. त्यावर डॉक्टरांनी जे समजावले ते मला सर्वांत मोलाचे वाटले. अँजिओप्लास्टी आणि बायपास यांची तुलना करणाऱ्या ११ वैद्यकीय अभ्यासांमधील ११,५१८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, पहिल्या ३० दिवसांत पक्षाघाताचे प्रमाण बायपासनंतर १.१ टक्के आणि अँजिओप्लास्टीनंतर ०.४ टक्के होते. परंतु ३१ व्या दिवसापासून पाच वर्षांपर्यंत ते अनुक्रमे २.१ आणि २.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. याचा अर्थ, उपचाराच्या पद्धतीमुळे पडणारा फरक मुख्यतः पहिल्या महिन्यातला असतो, आणि पुढचा धोका रुग्णाच्या शरीरात आधीपासून असलेल्या कारणांतून येतो: वाढलेला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, नाडीची अनियमितता. स्टेंटने एका रक्तवाहिनीतली एक अरुंद जागा उघडली जाते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला तोच आजार जसाच्या तसा राहतो.

मग हृदयाच्या पाठपुराव्यात रक्तदाबाची नोंद केवळ लिहिण्यापुरती का राहावी? आता आबांना रक्त पातळ करणारी वेगळी गोळी चालू आहे आणि स्टेंटला वर्षाहून अधिक काळ लोटल्यामुळे दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून अ‍ॅस्पिरिन बंद केली आहे. (हा निर्णय डॉक्टरांचाच असतो, स्वतःच्या मनाने कोणी गोळी सोडू नये.) बीपीचे यंत्र घरी आणले असून १३०/८० च्या खाली राहण्याचे उद्दिष्ट आहे, लोणचे आणि पापड ताटातून गेले, त्याचे आबांना फार वाईट वाटते.

हे सारे मी फेब्रुवारीत रुग्णालयाला लेखी कळवले आणि दोन मागण्या केल्या: डिस्चार्जच्या फाइलमध्ये पक्षाघाताच्या लक्षणांचे एक मराठी पान असावे, आणि फोनवरच्या व्यक्तीने तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे याबद्दलही विचारावे. व्यवस्थापकांनी पत्र शांतपणे वाचून घेतले. जूनच्या भेटीत नर्सताईंनी रक्तदाब दोनदा मोजला, गोळ्यांची पाकिटे टेबलावर काढायला लावून एकेक पाहिली आणि नाडीही मिनिटभर धरली. मराठी पान मात्र अजून आलेले नाही, आणि त्या क्रमांकावर मी पुन्हा फोन करून पाहिला तेव्हा पहिला प्रश्न छातीत दुखण्याचाच होता, दुसरा घामाचा. हृदयविकाराचा झटका आल्यावर मी आजही याच रुग्णालयात धाव घेईन. पाचपैकी तीन गुण देत आहे, आणि डिसेंबरच्या भेटीनंतर हा अभिप्राय सुधारून लिहीन.