डॉसचा जुना नेटवर्क क्लायंट वर्कशॉपमध्ये रोज वापरताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. 'मायक्रोसॉफ्ट नेटवर्क क्लायंट 3.0 फॉर एमएस-डॉस', म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या पीसीला नेटवर्कवरच्या फाइली वापरू देणारा प्रोग्राम, आजही चालतो, रोज चालतो. पण ज्याच्याकडे दुसरा काही मार्ग आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

आमच्याकडे मार्ग नव्हता. पुण्यातल्या नऱ्ह्याला माझ्या मेहुण्याचं छोटं मशीन शॉप आहे. तिथल्या सीएनसीला (प्रोग्रामवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनला) प्रोग्राम पाठवणारं डीएनसी सॉफ्टवेअर फक्त डॉसवर चालतं, तेही 486 या नव्वदीतल्या पीसीवर. सीएनसी अजून चोख माप देते, त्यामुळे ती काढायचा विषयच नाही. प्रोग्राम मात्र ऑफिसातल्या पीसीवरून फ्लॉपीत घ्यायचा आणि हातात धरून शेडमध्ये न्यायचा. "भाऊजी, फ्लॉपी एक तर मिळत नाही, मिळाली तर वाचत नाही," हे मेहुण्याचं रडगाणं ऐकून शेवटी हात घातला. जुन्या बाजारातून एनई2000 जातीचं नेटवर्क कार्ड आणलं आणि फाइल सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर सांबा हे फाइली वाटून देणारं सॉफ्टवेअर बसवलं.

हा क्लायंट करतो काय, ते थोडक्यात. डॉसमधला कुठलाही प्रोग्राम फाइल उघडायची झाली की इंटरप्ट 21 हेक्स या ठरलेल्या हाकेमार्फत डॉसकडे मागणी करतो. क्लायंटचा रीडायरेक्टर, म्हणजे मागणी वळवणारा भाग, त्या वाटेवर बसलेला असतो. मागणी सी ड्राइव्हची असेल तर तो मधे पडत नाही. एफ ड्राइव्हची (म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरची) असेल तर ती एसएमबी या फाइल वाटपाच्या प्रोटोकॉलच्या पाकिटात घालून सर्व्हरकडे धाडतो आणि उत्तर असं आणून देतो, जणू फाइल याच मशीनच्या डिस्कवर होती. नेटवर्क म्हणजे काय हे ज्याच्या गावीही नाही असं आमचं डीएनसी सॉफ्टवेअर त्यामुळे सर्व्हरवरची फाइल बिनबोभाट उघडतं. सगळी करामत एवढ्याच एका जागी आहे आणि तिथे हा क्लायंट कधी चुकलेला पाहिला नाही.

त्रास आहे तो मेमरीचा. नेटवर्कवर बोलायचा जुना नेटबेयुई प्रोटोकॉल हलका असतो, पण सांबाला तो येत नाही, टीसीपी/आयपीच लागतो. टीसीपी/आयपी चढवला की डॉसच्या प्रोग्रामांना मिळणाऱ्या 640 केबी मेमरीतला मोठा तुकडा जातो आणि डीएनसी सॉफ्टवेअर मेमरी नाही म्हणून सुरूच होत नाही. हायमेम आणि ईएमएम386 हे मेमरीचे ड्रायव्हर, 640 केबीच्या वर जे सरकेल ते लोडहाय कमांडने वर, माउसचा ड्रायव्हर काढून टाकणं आणि सेटअपमध्ये 'फुल'ऐवजी 'बेसिक' रीडायरेक्टर निवडणं, एवढं सगळं केल्यावर जमलं. आणखी एक खोड: प्रोटोकॉल.आयएनआय फाइलमध्ये आयपी पत्त्यातल्या आकड्यांमध्ये टिंब नाही, मोकळी जागा सोडायची. असं का, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

नव्वदीत ज्यांनी नॉव्हेल नेटवेअर हे त्या काळचं फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरलंय त्यांना हे सगळं पाहून वाईट वाटेल. तिथे एलएसएल, कार्डाचा ड्रायव्हर, आयपीएक्सओडीआय आणि नेटएक्स किंवा व्हीएलएम, अशा चार ओळी एकामागून एक चढवल्या की एफ ड्राइव्ह हजर. पत्ता द्यायची भानगडच नाही. कार्डाचा सहा बाइटचा क्रमांक हाच मशीनचा पत्ता, आणि सर्व्हर कुठे आहे हे क्लायंट नेटवर्कवर पुकारा करून विचारून घ्यायचा. तिथेही माशी शिंकायची ती फ्रेम टाइपवर, म्हणजे केबलवरच्या पाकिटाच्या बांधणीवर. नेटवेअर 3.11 पर्यंत 802.3 गृहीत धरलेलं, 3.12 पासून 802.2. दोन्हीकडे सारखं नसेल तर केबल धड, कार्ड धड, तरी सर्व्हर सापडत नाही. तरीही क्लायंट म्हणून माझं मत नॉव्हेललाच. पण आज तो सर्व्हर कोण सांभाळणार?

सुरक्षेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. हा क्लायंट एसएमबीची पहिलीच पिढी बोलतो. त्याच पिढीतल्या फटीतून मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. विंडोज 10 ने 2017 च्या 1709 आवृत्तीपासून आणि सांबाने 2019 च्या 4.11 पासून ती आपणहून बंद ठेवली आहे. आम्हाला सांबात किमान प्रोटोकॉल लॅनमॅन1 या एसएमबीच्या जुन्या बोलीपर्यंत खाली आणावा लागला. लॅनमॅनचा पासवर्ड तर सगळा कॅपिटल करून सात-सात अक्षरांच्या दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणजे असून नसल्यासारखाच. म्हणून पायला दोन नेटवर्क कार्डं आणि सांबाच्या दोन वेगळ्या प्रती ठेवल्या. ऑफिसकडची नव्या प्रोटोकॉलवर, शेडकडची जुन्यावर. शेडकडचा शेअर फक्त वाचण्यापुरता, आणि 486 ला बाहेरच्या इंटरनेटची वाट दिलेलीच नाही.

वेगाची तक्रार शून्य. सीएनसीकडे जाणारी सिरियल केबल 9600 बॉडवर चालते, म्हणजे सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं. त्यापुढे 10 एमबीपीएसचं कार्ड उदंड झालं. पण एफ ड्राइव्हवरून थेट ड्रिप-फीड (मशीन चालू असताना प्रोग्राम थोडा थोडा पाठवणं) करू नका. सर्व्हर मधेच गप्प झाला तर डॉस 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल' विचारत बसतो आणि तिकडे टूल जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) घासत उभा राहतो. आमची बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी) प्रोग्राम आधी सी ड्राइव्हवर उतरवते, मग डीएनसी सुरू करते.

गुरुवारी लाइट जाऊन आली की दुसरी गंमत. 486 पायच्या आधी उठतो, ड्राइव्ह जोडणारी नेट यूज ही कमांड अपयशी ठरते आणि एफ ड्राइव्ह नसतोच. त्यावर बॅचमध्येच उपाय केला: एफवर एक ठरावीक फाइल दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा जोडत राहायचं. मदरबोर्डवरची बॅटरी मेल्यामुळे तारीख दरवेळी 1980 वर जायची. नेट टाइम या कमांडने ती सर्व्हरवरून आपोआप लागते. हा फायदा ध्यानीमनी नव्हता.

फाइलींची नावं आठ अधिक तीन अक्षरांतच हवीत, हे ऑफिसातल्या पोराला पटवायला वेळ लागला. तो 'फ्लँज नवीन फायनल 2' असं नाव देणार आणि शेडमध्ये ऑपरेटरला सांबाने चिरडलेलं, टिल्डावालं काहीतरी दिसणार. चुकीचा प्रोग्राम मशीनवर चढायला एवढं पुरे. आता जॉब नंबर हेच फाइलचं नाव.

मेमरी अगदीच पुरत नसेल तर ईथरडीएफएस हा डॉसचा दुसरा नेटवर्क क्लायंट पाहा. तो अवघे काही केबी घेतो, आयपी लागतच नाही, थेट ईथरनेटवर लिनक्समधलं फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडतो. त्याला कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर (डॉससाठीचा वेगळ्या जातीचा ड्रायव्हर) लागतो, तो आधी शोधून ठेवा. आमचं सध्या अडलेलं नाही, म्हणून बदललं नाही.